मन कधी आवरायचं, डोकं कधी चालवायचं

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्यात लाखो माणसं मान खाली घालून जमिनीकडे बघत असतात. बालाघाटाच्या डोंगरावरच्या देवळातून येडेश्वरीची पालखी खाली उतरते, चुन्याच्या रानात येते आणि जमलेले भाविक तिथले चुनखडीचे खडे वेचू लागतात. डोक्यावर ऊन तापलेलं, चहूकडे 'आई राजा उदो उदो'चा गजर, हलगीचा कडकडाट, मागून गर्दीचा रेटा. तरी प्रत्येकाची नजर मातीत मिसळलेल्या पांढऱ्या खड्यावर आणि हात त्याच कामात. घरी कुणाचं कर्ज थकलेलं असेल, कुणाच्या लेकीची सोयरीक जुळत नसेल, कुणाचा बांधाचा दावा वर्षानुवर्षं लोंबत असेल. तेवढा वेळ त्यातलं काही मनात नसतं. यात्रेहून परतलेली माणसं 'मन हलकं झालं' म्हणतात, ते खरंच असतं.

चैत्र सरतो, वैशाख तापतो आणि जूनचा पहिला आठवडा संपता संपता मृग लागतो. कळंब, वाशी, भूम, बार्शी, केज अशा भागांतून यात्रेला आलेली तीच माणसं आता वेगळ्या पेचात सापडतात. सोयाबीनचं बियाणं घरचं वापरायचं की दुकानातून पिशवी आणायची? पहिल्या पावसावर चाड्यावर मूठ धरायची की थांबायचं? धाकट्याला लातूरला शिकायला ठेवायचं की धाराशिवला? हे प्रश्न मन हलकं करून सुटत नाहीत. त्यासाठी बसून, आकडे मांडून, नेटाने डोकं चालवावं लागतं.

मन शांत करणं आणि नेटाने विचार करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही शिकता येतात, दोन्हींची गरज पडते. सगळा घोटाळा होतो तो या दोन्हींपैकी कोणतंच नसलेल्या एका तिसऱ्या अवस्थेमुळे, आणि आपला सर्वाधिक वेळ खाते ती हीच.

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. घरातली पोरं झोपली आहेत. घरधनी या कुशीवरून त्या कुशीवर होतोय. अंधारातून आवाज येतो, "अवो, झोपा की आता. लई इचार नका करू." तो म्हणतो, "इचार केल्याबिगर कसं व्हईल?" त्याला मनापासून वाटतं की आपण विचार करतो आहोत. पण तासाभराने त्याला विचारा की काय ठरलं, तर उत्तर देता येणार नाही. भाव पडला तर? फी कुठून भरायची? भाऊ चार माणसांत असं का बोलला? आपणच चुकलो का? हीच चार वाक्यं आलटून पालटून येत राहतात. त्यातून एकही निर्णय निघत नाही, आणि विश्रांतीही मिळत नाही. मानसशास्त्रात यावर पुष्कळ काम झालं आहे. आपल्याकडे याला 'मनात घोळणं' म्हणतात आणि तेच नाव इथे पुरेसं आहे.

हार्वर्ड विद्यापीठातले मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून मोबाइलवर विचारलं जाई: आत्ता काय करताय, मन त्याच कामात आहे का, आणि कसं वाटतंय? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामाव्यतिरिक्त दुसरीकडेच होतं. आणि मन भरकटलेलं असताना लोक एकंदरीत कमी आनंदी होते, हातातलं काम कंटाळवाणं असलं तरीसुद्धा. या अभ्यासातली बहुतेक माणसं अमेरिकेतली होती. त्यात आपल्याकडचा कोरडवाहू शेतकरी नव्हता. पण ज्याने वाटणीच्या किंवा कर्जाच्या काळात एखादी रात्र जागून काढली आहे, त्याला यातलं मर्म वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता त्या अंधारातल्या सल्ल्याकडे वळू. 'विचार करू नका' हे प्रेमाने सांगितलेलं असतं, पण त्याचा उपयोग होत नाही, आणि त्याचं कारणही सापडलेलं आहे. १९८७ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी काही विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवून सांगितलं, 'पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा.' घंटी पुन्हा पुन्हा वाजत राहिली. नंतर त्याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा तो विचार, ज्यांना सुरुवातीपासूनच मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही, त्यांच्या मनात जास्त वेळा आला. दाबलेला विचार दुप्पट जोराने वर येतो हे आजीही सांगत असे. प्रयोगाने ते मोजून दाखवलं. म्हणून घरातल्या माणसाला 'विचार करू नको' म्हणण्याऐवजी 'उद्या सकाळी चहा झाला की आपण दोघं बसून हे लिहून काढू' असं म्हणावं. त्याने विचाराला वेळ मिळते, जागा मिळते आणि सोबतही मिळते.

मन शांत करण्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की शांत म्हणजे रिकामं. नवशिका माणूस डोळे मिटतो, दोन मिनिटांत डोक्यात बाजार भरतो आणि 'आपल्याला हे जमायचं नाही' म्हणून तो उठतो. वास्तविक त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं. २००१ साली अमेरिकी मेंदूतज्ज्ञ मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की माणूस काहीही न करता पडून असतो तेव्हा मेंदूचे काही भाग उलट अधिक कामात असतात. जुन्या आठवणी, उद्याची चिंता, लोक आपल्याला काय म्हणतील याचे हिशेब तिथे चाललेले असतात. मेंदू बंद करायची कळ कुणाकडेच नसते. मनाला टेकायला एखादी साधी जागा देता येते, एवढंच आपल्या हातात आहे.

येरमाळ्याच्या यात्रेत ती जागा चुनखडीचा खडा असते. घरात म्हातारी वाती वळते, तांदूळ निवडते, तेव्हा तेच होतं. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात ती जागा श्वास असते. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून येऊन भारतात विपश्यनेची शिबिरं सुरू केली आणि १९७६ पासून इगतपुरीला हे केंद्र चालू आहे. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकातून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणं. मन निघून गेलं की कळायला हवं आणि कळलं की परत आणायचं. रागवायचं नाही, चिडायचं नाही. शिबिर विनामूल्य असतं. आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून खर्च भागतो.

ज्यांचा ओढा भक्तीकडे आहे, त्यांना नाव घेणं सोपं जातं. इटलीतले डॉक्टर लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा पण फार बोलका प्रयोग मांडला. त्यांनी २३ निरोगी माणसांना एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ओम मणि पद्मे हूम्' हा बौद्ध मंत्र. दोन्हींच्या वेळी श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास उतरली, आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब यांच्या चढउताराचा मेळ सुधारला. माणूस स्वस्थ बसलेला असताना श्वास साधारण बारा ते अठरा असतात. संथ लयीत, एका श्वासात एक चरण असं म्हटलं की शरीर स्वतःहून धीमं होतं. घाईने उरकलेल्या माळेत ही लय मोडते, हे जप करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

घरी करायचं तर पुढीलप्रमाणे करावं. रोजची एक वेळ ठरवावी. पहाटे गोठ्यातलं काम सुरू होण्याआधी किंवा संध्याकाळी दिवा लागल्यावर. जमिनीवर मांडी घालून किंवा खुर्चीत, पाठ ताठ. मोबाइल दुसऱ्या खोलीत. दहा मिनिटं श्वास किंवा नाव. मन पंचवीस वेळा गेलं तर पंचवीस वेळा आणावं. हे परत आणणं हाच सगळा सराव आहे. पहिले काही दिवस अस्वस्थता जास्त जाणवते, कारण एरवी मोबाइलच्या आणि कामाच्या आवाजात ती ऐकूच येत नाही. पाय दुखतात, डुलकी लागते. चालेल. महिनाभराने ध्यानात कसं वाटतं ते मोजत बसू नये. दुपारी कुणी वाकडं बोललं तर तोंड उघडायच्या आधी क्षणभर थांबता येतंय का, ते बघावं. खरी खूण तिथे दिसते.

पण शांततेलाही मर्यादा आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. येरमाळ्याच्याच धाराशिव जिल्ह्यात तेरणेकाठी तेर हे गाव आहे, संत गोरोबाकाकांचं. त्यांची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. बायको पाण्याला जाताना मुलाकडे लक्ष ठेवायला सांगून गेली. गोरोबा चिखल तुडवत विठ्ठलनामात इतके बुडाले की रांगत आलेलं मूल पायाखाली आलं, तरी कळलं नाही. पुढे पांडुरंगाच्या कृपेने मूल परत मिळालं, असं कथा सांगते. भक्तीची पराकाष्ठा म्हणून ती सांगितली जाते आणि तो तिचा अर्थ आहेच. पण परंपरेने त्या आईचा आकांतही पुसून टाकलेला नाही. तिचं बोलणं रास्त आहे. ज्या वेळी डोळे उघडे ठेवून समोर बघायचं असतं, त्या वेळी मन कितीही उंच ठिकाणी लागलेलं असो, मुलाला त्याचा उपयोग नसतो.

आजच्या घरांत हे वेगळ्या रूपात दिसतं. कर्जाचा हप्ता थकलेला असताना बँकेची नोटीस न उघडता 'देव बघून घेईल' म्हणून ठेवून दिली जाते. बारावीच्या मुलाला गणितातली एक संकल्पना समजलेली नसते, तो घाबरलेला असतो, आणि त्याला ध्यानाच्या वर्गाला घातलं जातं. ध्यानाने त्याची छातीतली धडधड कमी होईल. पण संकल्पना कळायची तर कुणीतरी त्याच्याशेजारी बसून दहा उदाहरणं सोडवून घेतली पाहिजेत. ज्या प्रश्नाला उत्तर आहे, त्या प्रश्नावर नुसती शांतता लावणं ही टाळाटाळच होय, मग तिला कितीही चांगलं नाव द्या. विपश्यनेच्या शिबिरातसुद्धा वही-पेन आणि पुस्तकं जमा करून घेतात. ते दहा दिवस त्या कामासाठीच राखलेले असतात. घरचे हिशेब घरी येऊनच करायचे असतात.

मग नेटाने विचार करणं म्हणजे नेमकं काय? सोयाबीनचंच उदाहरण घेऊ. 'बी उगवेल का' ही काळजी मेअखेरीस हजारो घरांत घोळत असते. तिला प्रश्नाचं रूप द्या: 'माझ्या घरच्या बियाण्यातल्या शंभरपैकी किती बिया उगवतात?' असा प्रश्न झाला की उत्तर शोधायची वाट आपोआप दिसते. कृषी विभाग वर्षानुवर्षं हेच सांगत आला आहे. पोत्यातल्या वेगवेगळ्या थरांतून शंभर बिया काढाव्यात, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडाव्यात, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावं, ओल टिकवावी आणि आठवडाभरात उगवलेल्या बिया मोजाव्यात. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाल्या तर बियाणं पेरणीयोग्य, हेक्टरी ७५ किलो. कमी निघाल्या तर प्रमाण वाढवायचं, फारच कमी तर बियाणं बदलायचं. पेरणी कधी, याचंही उत्तर असंच ठोस आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर. एका गोणपाटाने जी काळजी मिटते, तिच्यापायी पंधरा रात्री जागू नयेत.

पुढचा पेच ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला. माल घरात आला, भाव पडलेला. विकावं की ठेवावं? घोळणारं मन या दोन टोकांमध्ये हेलपाटे घालत राहतं. कागद घेऊन बसलं की तिसरी वाट दिसू शकते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवायचं आणि त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी वर्षाला ६ टक्के व्याजाने उचलायची. समजा वीस क्विंटल माल आहे आणि क्विंटलला ४,३०० रुपये भाव धरला. किंमत ८६,००० झाली. कर्ज ६४,५०० मिळेल. सहा महिन्यांचं व्याज १,९३५ रुपये, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ९७. त्यात वाहतूक, हमाली आणि माल वाळून येणारी घट मिळवा. आता प्रश्न किती लहान झाला ते बघा: सहा महिन्यांत भाव एवढ्या रकमेहून जास्त चढेल असं मानायला काही आधार आहे का? आधार असेल तर ठेवा, नसेल तर विका. भाव पुढे काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही. पण किती जोखीम घेतोय हे आकड्यात कळलेला माणूस रात्री झोपतो. आपली बाजार समिती ही योजना राबवते का, याची चौकशी मात्र सुगीच्या आधीच करून ठेवावी.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. आधी प्रश्न एका वाक्यात लिहिला गेला, आणि वाक्याच्या शेवटी खरोखरचं प्रश्नचिन्ह आलं. 'भाऊ असा का वागतो' हे वरवर प्रश्नासारखं दिसतं, पण त्याला आपल्या हातातलं उत्तर नसतं. 'रविवारी भावाकडे जाऊन वाटणीचा विषय काढायचा का, आणि बरोबर मामांना न्यायचं का' याला उत्तर आहे. प्रश्न असा लिहिताच येत नसेल, तर ती गोष्ट विचार करून सुटणारी नाही. ती शोकाची, रागाची किंवा भीतीची गोष्ट आहे आणि तिला शांततेची, रडण्याची, माणसाच्या सोबतीची गरज आहे. दोन कामांतली निवड करायला एवढी एक कसोटी बहुतेक वेळा पुरते.

कागद लागतोच. मनात एका वेळी फार थोड्या गोष्टी धरून ठेवता येतात. तिसरा आकडा आला की पहिला सुटतो. म्हणून हुशार माणूससुद्धा अंथरुणात पडून हिशेब करायला लागला की गोल गोल फिरतो. वेळही ठरवून घ्यावी, अर्धा तास, फार तर पाऊण तास. आणि बसताना एकच विषय. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग मागच्याच कामात अडकून राहतो. अभ्यासिकेत बसून दर दहा मिनिटांनी मोबाइल बघणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराचे दिवसाचे दहा तास या गळतीत जातात. त्याने तीनच तास अखंड दिले तरी पदरात जास्त पडेल.

नेटाचा विचार म्हणजे केवळ कटकट, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांकडे बघावं. डहाणूला १९०५ साली जन्मलेले, देवळालीत शाळामास्तर. मोठं विद्यापीठ नाही, मोठी पदवी नाही. संख्यांशी खेळण्यात ते तहानभूक विसरत. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ या संख्येची गंमत सापडली आणि आज जगभर ती कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा हेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. शोधाचं सालच घेऊ: १९४९. ९९४१ वजा १४९९ बरोबर ८४४२. पुढे ५९९४, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या पायरीला ६१७४. घरातल्या मुलाला आपल्या जन्मसालावर हे करून बघायला सांगा. वजाबाकी करताना त्याच्या चेहऱ्यावर जे दिसेल, तीही एक शांतताच असते. मन पूर्णपणे कामात गुंतलं की घोळायला जागा उरत नाही.

दोन्ही कामं एकमेकांना कशी लागतात, हे नेमबाज स्वप्निल कुसाळेच्या खेळात दिसतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ अवघ्या एक सेंटिमीटरहून किंचित मोठं असतं, तेही पन्नास मीटरवर. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात नेमबाज विचार करतो: वारा कसा फिरला, मागची गोळी कुठे लागली, नेम किती सरकवायचा. मग श्वास सोडतो, थांबतो, आणि चाप ओढायच्या क्षणी डोक्यात हिशेब उरू देत नाही. त्या क्षणी विचार केला तर हात हलतो. आधी केला नाही तर गोळी वाऱ्यावर जाते. अंतिम फेरीच्या सुरुवातीला कुसाळे पदकाच्या जागेच्या बाहेर होता. मागच्या गोळीचं दुःख करत बसला असता तर तो तिथेच राहिला असता.

आपल्याला ऑलिंपिकला जायचं नाही, पण क्रम हाच घ्यावा. मोठा निर्णय करायला बसण्याआधी पाच-दहा मिनिटं श्वासावर घालवावीत. रागात किंवा घाबरलेल्या अवस्थेत कागद उघडू नये. मग मांडणी करावी. मग कागद मिटवून एक रात्र जाऊ द्यावी. जमिनीचा व्यवहार, सोयरीक, नोकरीचा राजीनामा अशा गोष्टींत ही एक रात्र फार मोलाची ठरते. सकाळी तोच कागद वाचताना काल न दिसलेली चूक दिसते. 'आत्ताच सही करा, उद्या संधी जाईल' असं जो म्हणतो, त्याच्या व्यवहारात सही न करणंच बरं.

रात्रीसाठी एक वेगळा उपाय आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी २०१८ साली ५७ तरुणांवर प्रयोग केला. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी उद्या-परवा करायची कामं लिहिली, काहींनी झालेली कामं. उद्याची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि ज्यांनी यादी जितकी तपशिलाने लिहिली तितकी झोप लवकर आली. उशाशी एक वही ठेवायला खर्च नाही. त्यात 'कर्जाचं बघणे' असं मोघम लिहू नये. 'सकाळी अकराला सोसायटीत जाऊन बाकीचा उतारा मागणे' असं लिहावं.

आणि एकट्याने विचार करण्यावर फार भिस्त ठेवू नये. गोरोबाकाकांची दुसरी कथा इथे आठवावी. तेरला संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी तपासायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं. बाकीचे स्वस्थ बसले, नामदेव चिडले, आणि कच्चं मडकं ठरले. नामदेवांना ते फार लागलं. पण तेच निमित्त होऊन ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. आपलं मडकं कच्चं आहे हे आतून कधीच कळत नाही. आपण केलेली मांडणी घरातल्या बाईमाणसापुढे, जाणत्या शेजाऱ्यापुढे, मुलाच्या शिक्षकापुढे ठेवावी आणि म्हणावं, 'यात काय चुकतंय तेवढं सांगा.' पुष्कळ घरांत हिशेब बायकोला दाखवायचाच नाही अशी रीत आहे. ती मोडली पाहिजे. घरखर्चाचा खरा आकडा तिलाच माहीत असतो, आणि तो आकडा चुकला की पुढची सगळी मांडणी चुकते.

यातलं काहीच लागू पडत नाही अशीही वेळ येते. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशातच रस नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं तोंडी येतंय. हा आजार आहे, आणि त्यावर इलाज आहे. अशा माणसाला ध्यानाला बसवून एकटं सोडू नये. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला येऊ नये, असं विपश्यना केंद्रंही सांगतात. त्याला विचार करून मार्ग काढायलाही सांगू नये, कारण त्या अवस्थेत मनाला मार्ग दिसतच नाहीत. सोबत जाऊन डॉक्टरला दाखवावं. आरोग्य विभागाचा शेतकऱ्यांसाठीचा प्रेरणा प्रकल्प धाराशिव जिल्ह्यात आहे. गावातल्या आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करता येते. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक आजच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये भरून ठेवावा.